चार आसने, तीन माणसे आणि पंधरा लिटर पाणी

चार आसनांच्या विमानात चार माणसे बसतात, हा समज ज्याच्या डोक्यातून गेलेला नाही त्याने ऑस्ट्रेलियाच्या आऊटबॅककडे विमानाचे तोंड वळवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेसना १७२ घ्या. जगात सर्वांत जास्त बनलेले विमान हेच, चाळीस हजारांहून अधिक. उडायला शिकणारी बहुतेक पोरे यावरच हात बसवतात. याच्या नव्या मॉडेलला उड्डाण करताना सगळे मिळून ११५७ किलोपर्यंत वजनाची परवानगी आहे. रिकामे विमान ७७० किलोच्या आसपास भरते. म्हणजे माणसे, सामान आणि इंधन या सगळ्यांना मिळून उरले साधारण ३८५ किलो. ऐंशी-ऐंशी किलोचे चार जण बसले की ३२० संपले. पाणी, पिशव्या, औषधांची पेटी धरून ४० किलो म्हटले तर इंधनाला उरतात २५ किलो, म्हणजे जेमतेम पस्तीस लिटर. एवढ्यात हे विमान तासभर उडते, आणि त्यातल्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या इंधनाला ऑस्ट्रेलियाच्या नियमाप्रमाणे हात लावायचा नसतो. अशी ही चार आसनी सवारी.

हा हिशेब मी का मांडत बसलो आहे ते सांगतो. माझा भाचा अॅडलेडला नोकरी करतो. तिकडे गेलेल्या आपल्या मुलांपैकी काहींना आता शनिवार-रविवारी उडण्याचा नाद लागला आहे, त्यांच्यातला तो एक. खाजगी वैमानिकाचा परवाना आहे, क्लबाचे विमान तासावर भाड्याने मिळते. तिघा मित्रांसह विल्यम क्रीकला जायचे, तिथून काटी थांडा तळे वरून पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे, असा त्याचा बेत. बेताचा कागद त्याने मला पाठवला, कारण विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचण्याची माझी जुनी खोड त्याला माहीत आहे. मी स्वतः विमान चालवत नाही. पण वाचून एक गोष्ट पक्की कळली आहे: अशा प्रवासात माणसे आकाशात चुकतात त्याहून जास्त घरच्या टेबलावर चुकतात.

काटी थांडा म्हणजेच जुने लेक आयर. ऑस्ट्रेलियातील सर्वांत खोल जागा, समुद्रसपाटीच्या सुमारे पंधरा मीटर खाली. बहुतेक वर्षे तिथे नुसते पांढरे मीठ असते. क्वीन्सलँडमध्ये तुफान पाऊस झाला तर ते पाणी शेकडो किलोमीटर वाहत आठवड्यांनी, महिन्यांनी इथे पोहोचते. १९७४ साली तळे तुडुंब भरले होते. २०२५ मध्येही मोठे पाणी आले आणि पेलिकन पक्ष्यांचे थवे उतरले. पाणी आले की पाहणाऱ्यांची विमानेही येतात. विल्यम क्रीक हे तळ्याच्या पश्चिमेचे मुक्कामाचे ठिकाण. गाव म्हणायचे ते सवयीने. वस्ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, एक जुने हॉटेल, एक धावपट्टी आणि चहूबाजूंनी अॅना क्रीक नावाचे अवाढव्य गुरांचे रान.

भाच्याच्या कागदावर पॅराफील्ड विमानतळापासून विल्यम क्रीकपर्यंत पट्टीने ओढलेली एक सरळ रेघ होती. सुमारे ६९० किलोमीटर. माझा पहिला आक्षेप या रेघेला. ती पश्चिमेकडे वूमेराच्या संरक्षण क्षेत्राच्या अंगाने जाते ते वेगळेच, पण खाली बघावे तर मैलोन्‌मैल रस्ता नाही, घर नाही. त्याऐवजी उत्तरेला ली क्रीक, तिथून मारी आणि मारीपासून उडनाडाटा ट्रॅकच्या डोक्यावरून विल्यम क्रीक असे गेले तर ७६० किलोमीटर होतात. म्हणजे सत्तर किलोमीटर जास्त, या विमानाला वीस मिनिटे आणि बारा-तेरा लिटर इंधन. या वीस मिनिटांच्या बदल्यात पायाखाली रस्ता राहतो, अधूनमधून धावपट्टी राहते आणि इंजिन बंद पडलेच तर कोणाच्या तरी नजरेस पडण्याची शक्यता राहते. हा सौदा महाग आहे असे म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

ही वाकडी वाट कोणी आखली हेही पाहण्यासारखे आहे. तिथे जमिनीखालचे पाणी झऱ्यांच्या रूपाने वर येते आणि असे झरे एका ओळीत दूरवर पसरले आहेत. आदिवासींच्या देवाणघेवाणीच्या वाटा या झऱ्यांवरून गेल्या. मग १८७२ मध्ये पुरी झालेली तारायंत्राची लाइन त्याच आधाराने गेली, तिच्यामागून रेल्वे आली आणि १८९१ पर्यंत उडनाडाटाला पोहोचली. रेल्वे १९८० मध्ये बंद झाली, राहिला तो कच्चा रस्ता. आज छोट्या विमानाचा शहाणा वैमानिक त्याच ओळीवरून उडतो. त्याला पाणी नको असते, माणसांचा माग हवा असतो, आणि माणसे पाण्याच्या मागाने गेलेली असतात.

या वाटेवर ओझी वाहिली ती आपल्या बाजूच्या लोकांनी. ऑस्ट्रेलियात त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण, काश्मिरी असे सगळेच होते. १८६० च्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीतून गेले. १८६६ मध्ये टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने शंभरावर उंट आणि एकतीस उंटवाले आणवले, तेही कराचीहूनच. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती, हे आपण विसरून गेलो आहोत. मारी हे त्यांचे मोठे ठाणे. १८८० च्या दशकात त्यांनी तिथे बांधलेली मशीद ऑस्ट्रेलियातील अगदी पहिल्या मशिदींपैकी. गाव रेल्वेच्या रुळांनी दुभंगलेले होते: एका अंगाला गोरे, दुसऱ्या अंगाला उंटवाले आणि आदिवासी. पुढे मोटार ट्रक आले, गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे कायदे आले आणि हे लोक बाजूला पडले. त्यांनी मोकळे सोडलेले उंट मात्र वाळवंटात वाढत राहिले.

मला त्यांच्या कामाची पद्धत महत्त्वाची वाटते. दणकट उंट पाच-सहाशे किलो वाहतो, पण ओझे दोन्ही अंगांना सारखे हवे, नाहीतर जनावर अर्ध्या वाटेत बसते किंवा पाठ सोलून घेते. रोज सकाळी लादण्याआधी तोलून पाहायचे, मग निघायचे. पुढचे पाणी किती मुक्कामांवर आहे आणि तिथे नसले तर त्यापुढचे कुठे, याचा हिशेब डोक्यात पक्का असल्याशिवाय तांडा हलत नसे. विमानात ओझे पुढे गेले की मागे, याचा तक्ता वैमानिक भरतो तो याच जातीचा. बेजा दरवेश नावाच्या बलुची उंटवाल्याने १८९६ च्या काल्व्हर्ट मोहिमेत वाळूच्या वाळवंटातून उंट पार नेले. त्या मोहिमेत दोन गोरे तहानेने मेले. मोहिमेचा नायक वेल्स याने नंतर आपले होकायंत्र बेजाला भेट दिले. तो शेवटपर्यंत मारीतच राहिला आणि १९५७ मध्ये वारला. आपल्याकडे "अल्लाह मालिक" म्हणून गाडीला चावी मारणारे कमी नाहीत, टायर गुळगुळीत झालेले असले तरी. उंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. ज्यांचे पोट उंटावर होते त्यांना ते सांगावे लागत नसे.

आता वजनाकडे परत. चौथा मित्र गळला तरी प्रश्न संपत नाही. तिघे जण म्हणजे २४० किलो. उरले १४५. टाकी पूर्ण भरली तर दोनशे लिटर, म्हणजे १४४ किलो. मग पाणीही नाही आणि पिशवीही नाही. म्हणून तिघांत पंधरा लिटर पाणी आणि वीस किलो सामान धरायचे आणि दीडशे लिटर इंधन घ्यायचे. वारा पडलेला असेल तर विमान ताशी दोनशे किलोमीटर जाते, पावणेचार तासांत पोहोचते आणि १३० लिटर खाते. कागदावर बसते. पण दक्षिण ऑस्ट्रेलियात थंड हवेची लाट येण्याआधी वायव्येकडून जोराचा वारा सुटतो, सोबत धूळ घेऊन येतो, आणि आपल्याला जायचे असते वायव्येलाच. पंचवीस नॉटचा वारा तोंडावर आला की तोच प्रवास पाच तासांच्या घरात जातो आणि इंधन लागते १७० लिटर. टाकीत दीडशेच आहेत. म्हणजे ली क्रीकला उतरून इंधन घेणे भाग आहे. हे घरी कळले तर तो नुसता एक थांबा असतो. मारीच्या पुढे गेल्यावर कळले तर काय होते, ते लिहायला नको.

आणि ली क्रीकला इंधन आहे, हे कुठल्या जोरावर लिहिले? पुस्तिकेत छापले आहे म्हणून? ते गाव कोळशाच्या खाणीसाठी वसवलेले, खाण २०१५ मध्ये बंद झाली आणि वस्ती ओसरली. अशा ठिकाणी गेल्या वर्षीची माहिती या वर्षी खरी असेलच असे नाही. पंप बिघडलेला असतो, टँकर आलेला नसतो, पंप विशिष्ट तेल कंपनीच्या कार्डावरच चालतो आणि ते कार्ड आपल्या खिशात नसते. आदल्या दिवशी फोन करून जिवंत माणसाशी बोलायचे. एव्हगॅस आहे का, कार्ड कोणते, पट्टी कोरडी आहे का, परवा पाऊस पडला होता त्याचे काय झाले. मातीच्या पट्टीवर दोन दिवसांपूर्वीचा पाऊसही चाके धरून ठेवतो. भाचा म्हणाला, "मामू, हे सगळं अॅपवर दिसतं." दिसत असेल. पण टॅबलेट उन्हात तापून बंद पडतो आणि अॅपला पट्टीवरचा चिखल दिसत नाही.

उष्णतेचे गणितही अनेकांना ठाऊक नसते. तापलेली हवा विरळ होते, पंख आणि इंजिन दोघांचेही बळ कमी होते. समुद्रसपाटीची पट्टी ४० अंशांत जवळजवळ तीन हजार फूट उंचीवरच्या पट्टीसारखी वागते. सकाळी गारव्यात सहज उचललेले विमान दुपारी तेवढ्याच ओझ्याने पट्टी संपेपर्यंत जमीन सोडत नाही. म्हणून शहाणे लोक मे ते सप्टेंबरच्या दरम्यान जातात आणि उड्डाणे सकाळी उरकतात. पण हिवाळ्याचा दिवस लहान. जुलैत विल्यम क्रीकला सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. दिवसाच्या परवान्यावर उडणाऱ्याने शेवटच्या उजेडाच्या दहा मिनिटे आधी पोहोचण्याचा बेत धरावा, असा नियम आहे. मी तर म्हणतो, निदान एक तास आधी.

अंधाराला मी एवढा का धरून बसलो आहे? ऑगस्ट २०११ मध्ये याच तळ्याच्या काठी एबीसी वाहिनीचे हेलिकॉप्टर पडले आणि तिघे दगावले. तिघेही आपापल्या कामात मुरलेले, वैमानिक तर हजारो तास उडालेला. भरलेल्या तळ्याचे चित्रीकरण करायला गेले होते. चांदणे नसलेल्या रात्री उड्डाण केले, खाली एक दिवा नाही, समोर क्षितिज नाही. आपण वर चाललो की खाली हे शरीराला कळेनासे होते, आणि चौकशीतही दिशाभान हरपल्याचेच कारण पुढे आले. दिवसाही पांढरे मीठ आणि फिके आकाश एक होऊन जाते, पाणी स्थिर असेल तर उंचीचा अंदाज येत नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाला खरा अंधार माहीतच नसतो.

याहून जुनी एक हकिगत आहे, ती मला जास्त छळते. १९२९ च्या मार्चअखेरीस किंग्सफर्ड स्मिथ यांचे 'सदर्न क्रॉस' विमान वायव्य ऑस्ट्रेलियात बेपत्ता झाले. त्यांच्या शोधाला कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक हे दोघे 'कुकाबरा' नावाच्या लहानशा विमानातून निघाले. स्मिथ हे अँडरसनचे जुने सहकारी, पुढे दोघांत बिनसले होते, तरी हा गडी धावला. १० एप्रिलला अॅलिस स्प्रिंग्जहून उडाले आणि तनामी वाळवंटावर इंजिनने दगा दिला. विमान नीट उतरले. बिघाडही हिचकॉकने काढला. पण भोवती दाट झुडपे आणि भुसभुशीत वाळू. पट्टी मोकळी करायला दोघे उन्हात राबले. पाणी अगदी थोडे होते, रेडिओ नव्हताच. अँडरसनने विमानाच्या सुकाणूच्या कापडावर नोंदी लिहून ठेवल्या. ज्यांना शोधायला ते गेले होते ते दोनच दिवसांनी, १२ एप्रिलला, सुखरूप सापडले. या दोघांचे विमान दिसले २१ एप्रिलला, तोवर दोघेही मेलेले. १९७८ मध्ये डिक स्मिथ यांनी विमानाचा सांगाडा शोधून काढला, आता तो अॅलिस स्प्रिंग्जला ठेवला आहे.

मित्रासाठी जीव टाकणारा माणूस, चांगला वैमानिक, सोबत चांगला मेकॅनिक. धैर्यात काही कमी होते का? इंजिनसुद्धा दुरुस्त झाले होते. कमी पडले पाणी आणि आवाज पोहोचवण्याचे साधन. त्यामुळे कोणी मला नियोजनाला भित्रेपणा म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर ते सुकाणूचे कापड येते.

आवाज पोहोचवण्याची साधने आज स्वस्त झाली आहेत आणि त्यात कंजुषी करणे मला अक्षम्य वाटते. अपघात झाला की संकेत पाठवणारा बीकन ४०६ मेगाहर्ट्झचाच हवा. जुन्या १२१.५ च्या बीकनचे संकेत ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले आहे, तरी कुठल्या तरी कपाटात तसला डबा अजून सापडतो. बीकन विमानाच्या शेपटीत आहे तसा एक खिशातही असावा, कारण आग लागली तर शेपटीकडे कोण जाणार. खालून उडताना रेडिओचा आवाज डोंगराआड, क्षितिजाआड पोहोचत नाही, म्हणून उपग्रह फोन. शिवाय पोहोचण्याची वेळ हवाई वाहतूक सेवेकडे नोंदवता येते, त्या वेळेपर्यंत आपण "पोहोचलो" असे कळवले नाही तर शोध सुरू होतो. फक्त कळवायचे विसरू नका. हॉटेलात बसून चहा पिणाऱ्यांसाठी शोधविमान उठवण्याचे प्रकार नवे नाहीत. आणि उतरावे लागलेच तर विमान सोडायचे नाही. १९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचे एक कुटुंब गाडी सोडून पाण्याच्या शोधात निघाले, पाचही जण मेले. वरून गाडी दिसते, विमान दिसते, झुडपाखालचा माणूस दिसत नाही.

पण हे सगळे सामान बरोबर घेऊनही माणसे मरतात, कारण सर्वांत जड वस्तू वजनाच्या तक्त्यात येत नाही. सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे. खोलीचे पैसे भरले आहेत. मित्र सहा महिन्यांपासून वाट पाहत आहेत, त्यातल्या एकाने तर वडिलांना फोटो पाठवतो म्हणून सांगितले आहे. समोर धूळ दिसते आणि मन म्हणते, अजून दहा मिनिटे पाहू. त्या क्षणी घेतलेल्या निर्णयावर माझा विश्वास नाही. तो आठ दिवस आधी, घरी, जेवण झाल्यावर, पंख्याखाली बसून घ्यायचा आणि लिहून ठेवायचा. भाच्याच्या कागदावर हीच एक गोष्ट नव्हती. विमान परत कुठून फिरणार, याला जागाच नव्हती.

म्हणून मी त्याला लिहायला लावले. ली क्रीकहून निघायला दुपारचे अडीच वाजून गेले तर त्या रात्री तिथेच. मारीच्या डोक्यावर आल्यावर दोन तासांहून कमी इंधन उरले असेल तर मारीला खाली. पुढची क्षितिजरेषा दिसत नसेल तर मागे, चर्चा नाही. तिघांपैकी कोणीही एकाने "मला बरे वाटत नाही" म्हटले तर कारण न विचारता मागे. परतीसाठी रविवारच्या पुढे आणखी दोन दिवस रजा. ही रजा मिळत नसेल तर प्रवास नाही. या शेवटच्या अटीवर तो सर्वांत जास्त कुरकुरला, त्यावरूनच ती किती गरजेची होती ते मला कळले.

अराबाना लोकांचा विषयही मी काढला. हे तळे त्यांच्यासाठी पवित्र आहे, २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांचा जमीनहक्क मान्य केला आणि त्याच वर्षी तळ्याच्या सरकारी नावात 'काटी थांडा' आले. तळ्याच्या पात्रात पाऊल टाकू नये असे त्यांचे म्हणणे आहे. मिठावर उभे राहून फोटो काढण्याचा बेत होता, तो रद्द झाला. वरून पाहण्यापुरतेच जायचे असेल तर पेलिकनांच्या थव्यांपासून उंच राहायचे. पक्ष्यांसाठी बरे आणि पुढच्या काचेसाठीही.

आता तिघेच जाणार आहेत. चौथा मित्र रस्त्याने मारीपर्यंत गाडी घेऊन जातो म्हणाला, आणि मला ही कल्पना फार आवडली, कारण जमिनीवर ओळखीचा माणूस आणि गाडी असणे हे कुठल्याही यंत्राहून चांगले. मारीला सगळे दोन तास थांबणार आहेत. मूळ मशीद आता नाही, तिची प्रतिकृती उभी आहे, आणि कब्रस्तानात उंटवाल्यांची वेगळी जागा आहे. तिथे फातिहा वाचून या म्हणून सांगितले आहे. तारीख अजून ठरलेली नाही. ली क्रीकच्या पंपाचा फोन कोणी उचलत नाही.